बेटावरचा मिरग

जालन्याच्या माणसाने समुद्रावर लिहावे, हे पाहून कोकणातली मंडळी हसतील. हसोत बापडी! आमच्या गावाचे दोन तुकडे करणारी कुंडलिका नदी उन्हाळ्यात ओलांडायची, तर नावेचे राहू द्या, चपलासुद्धा काढाव्या लागत नाहीत. तिच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवीन जालना. आम्ही नवीन जालन्याचे. पूल ओलांडून जुन्या जालन्यात आनंदी स्वामींच्या दर्शनाला जायचे, तर आमची आई सकाळपासून तयारीला लागे आणि परत आल्यावर ‘दमले गं बाई’ म्हणत पाय पसरून बसे. वडील माळकरी. नाथषष्ठीला ते पैठणला जात. आमच्या घराण्याची प्रवासातली मजल ती एवढी.

अशा घरातला मुलगा 2006 सालच्या जानेवारीत मालदीवला मास्तर म्हणून गेला. त्याची ही हकिकत.

‘जालना सोने का पालना’ अशी आमच्या गावाची जुनी म्हण आहे. ती खोटी नाही. मोंढा, बियाणे, मोसंबी आणि अलीकडे लोखंडाच्या गिरण्या यांनी गावात पैसा पुष्कळ आणला. पण ज्यांच्या घरी सोन्याचा पाळणा हलत असे, त्यांच्या दुकानी आमचे नाना मुनीम होते. नवीन जालन्याच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर त्यांनी तीस वर्षे रोजकीर्द आणि खतावणी लिहिली. लहानपणी शाळा सुटली की मी दुकानावर जाऊन बसे. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचे नाही, ‘लाभ’ म्हणायचे, हे मी तिथे शिकलो. लाभ, दोन, तीन, चार... मापाऱ्याच्या त्या सुरावर मला पोत्यावरच झोप लागे.

मला गोडी होती मराठीची. कॉलेजात मराठी घ्यायचे माझ्या मनात होते. नाना म्हणाले, “मराठी आपण घरी बोलतोच की. त्याचे पैसे कोण देणार तुला? अक्षरांनी पोट भरत नाही बाबा, आकड्यांनी भरते.” आकड्यांशी माझे कधी जमले नाही. तेव्हा तडजोड म्हणून मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालो, मागोमाग बी. एड. झालो, आणि घरी बसलो. एका संस्थेत मुलाखत चांगली झाली. पण नेमणुकीच्या आधी जी रक्कम ‘देणगी’ म्हणून मागितली गेली, ती ऐकून नाना काही न बोलता उठले आणि चपला घालू लागले. त्यातच 2003 साली ताईचे लग्न झाले होते. त्याचे कर्ज डोक्यावर होते. मुनिमाच्या घरचे कर्ज ते! त्याचा आकडा रोज रात्री व्याजासकट घरात ऐकू येई.

अशा वेळी वर्तमानपत्रात जाहिरात आली. मालदीवच्या शाळांना इंग्रजीचे शिक्षक पाहिजेत. मुलाखत तिरुवनंतपुरमला. मी गुपचूप अर्ज केला, जाऊन आलो, आणि नेमणुकीचे पत्र हाती पडल्यावरच घरात सांगितले. आईने पहिला प्रश्न विचारला, “ती मोठी लाट आली होती तिथेच ना रे?”

तिथेच. 26 डिसेंबर 2004 च्या सुनामीत मालदीवमधली 80 हून अधिक माणसे गेली होती. ज्या देशाची जमीन समुद्रापासून सरासरी दीड मीटर वर, तिथे लाट आली तर पळायचे कुठे? आमचे जालना समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच. आईला हा हिशेब पटवून सांगण्यात अर्थ नव्हता. नानांनी मात्र एवढेच विचारले, “पगार डॉलरात की तिथल्या नाण्यात?”

तिथे दुसऱ्या धर्माच्या मूर्ती नेता येत नाहीत, हे आधीच कळवण्यात आले होते. आईने देवघरातला पितळी गणपती माझ्या बॅगेत ठेवला होता. तो मी काढून परत जागेवर ठेवला. आईचे डोळे भरले. पण बायकांची अक्कल मोठी असते. तिने पूजेतली एक सुपारी उचलली, तिला हळदकुंकू लावले, पुन्हा स्वच्छ पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. “हा गणपती कोण अडवतो ते बघू,” ती म्हणाली. कोणी अडवला नाही.

मालदीवची राजधानी माले. विमानतळ तिच्या शेजारच्या हुळुले बेटावर. आता 2018 पासून मधे पूल झाला आहे. तेव्हा उतरले की थेट नावेत बसावे लागे. या नावेला तिथे ‘धोनी’ म्हणतात. आमच्याकडे डोणी म्हणजे गुरांना पाणी पाजायचे दगडी भांडे. पाण्याच्या बाहेरची डोणी बघितलेला मी, पाण्यावरच्या धोनीत जीव मुठीत धरून बसलो. तिथून उत्तरेला, हा अलिफु नावाच्या अटोळात माझे बेट. रात्रभराचा नि वर अर्ध्या दिवसाचा प्रवास. आईने दिलेला चिवडा मी पहिल्या दोन तासांतच समुद्राला अर्पण केला. कसा ते सांगत नाही.

अटोळ म्हणजे प्रवाळाच्या खडकांचे कडे आणि त्यावर मण्यांसारखी ओवलेली बेटे. जगातल्या भूगोलाच्या पुस्तकांत आज जो ‘अॅटॉल’ शब्द आहे, तो या लोकांच्या भाषेतला. देशात बाराशेच्या आसपास बेटे. वस्ती आहे ती दोनशेच्या आत-बाहेर. माझे बेट एवढेसे, की एका किनाऱ्यावर शिंकले तर दुसऱ्या किनाऱ्यावर ‘बरे नाही का?’ म्हणून विचारावे. त्याचे नाव सांगत नाही. सांगितले तर पुढे येणारी माणसे तिथल्या कोणालाही ओळखता येतील.

शाळा छान होती. मुले अनवाणी, हसरी, आणि समुद्राच्या बाबतीत माझी गुरू. आम्ही परदेशी शिक्षक एका घरात राहत होतो. एक केरळचे गणिताचे शिक्षक; त्यांना सगळे ‘चेट्टन’ म्हणत, म्हणजे मोठा भाऊ. दुसरे तमिळनाडूचे, विज्ञान शिकवणारे. ते ‘अण्णा’, तोही अर्थ तोच. दोन मोठे भाऊ आयतेच मिळाल्यावर धाकट्याच्या वाट्याला भांडी घासणे आले. चेट्टन बारा वर्षे त्या देशात होते. पैसे घरी पाठवून पाठवून त्यांचे स्वतःचे सदरे विरले होते. अण्णा तोंडाने तिखट आणि मनाने मऊ. रात्री आम्ही तिघे तीन भाषांत घराची आठवण काढत असू. माळकऱ्याच्या घरातल्या मला पहिले पंधरा दिवस भात आणि नारळ यांवर काढावे लागले, कारण बेटावर दुसरे मिळे ते मासेच. सकाळी मासा, दुपारी माशाचे कढण, रात्री मासा. शेवटी नाथमहाराजांची मनोमन क्षमा मागून मी शरण गेलो.

आणि तो गणपती? तो माझ्या उशाशी एका डबीत होता. एका शुक्रवारी जेवणे झाल्यावर पाहतो तो डबी उघडी, आणि अण्णा पलंगावर पडून आरामात काहीतरी चघळत आहेत. मालदीवमध्ये जेवणानंतर सुपारी-लवंग खायची घरोघर रीत. अण्णांनाही ती लागली होती. “तुझी सुपारी फार कडक आहे रे,” ते म्हणाले. मी मटकन खाली बसलो. खरा प्रकार कळल्यावर त्या भल्या माणसाची जी तारांबळ उडाली, ती काय सांगावी! ते दोन वेळा जेवले नाहीत. मी त्यांची समजूत घातली, की देव भक्ताच्या पोटात गेला तर त्यात वाईट काय? पण आईला हे मी पुढे वर्षभर सांगितले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, तिच्याकडे येतो.

शिक्षकांच्या खोलीत फळ्यावर आठवड्याचे वेळापत्रक असे. ते तिथल्या भाषेत, धिवेहीत. लिपी ताना नावाची, उजवीकडून डावीकडे लिहायची. मला त्यातले काही कळत नसे. एके दिवशी धिवेही शिकवणाऱ्या बाईंना मी विचारले, “हे वार कसे वाचायचे?” बाईंनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. आदीत्त. होम. अंगार. बुध. बुरास्फति. हुकुरु. होनिहिरु.

वाचकहो, माझ्या अंगावर काटा आला. आमचे नाना रविवारला आयतवार म्हणत, आदित्याचा वार. हा आदीत्त तोच! होम म्हणजे सोम. अंगार म्हणजे मंगळ. आपण अंगारकी चतुर्थी म्हणतो ना, तो अंगारक. बुध तर जसाच्या तसा. बृहस्पती, शुक्र, शनी, सगळे हजर. इस्लाम स्वीकारून या देशाला साडेआठशे वर्षे झाली होती. 1153 साली इथल्या राजाने तो धर्म घेतला. त्याआधी इथे बौद्ध होते. पण वार राहिले ते राहिलेच. देव बदलतो, कॅलेंडर बदलत नाही.

त्या दिवसापासून मला वेडच लागले. खिशात एक वही ठेवली आणि दिसेल त्याला शब्द विचारत सुटलो. दिवसाला दुवस. माशाला मस. काळ्याला कळु. नारळाच्या झाडाला रुक, आपला रूखच. मिठाला लोनु, म्हणजे लवण; आपल्या लोणच्यातले लोण. दुधाला किरु, म्हणजे क्षीर, आपली खीर. साखरेला हकुरु! हळूहळू नियम सापडू लागला. आपल्या स चा तिथे ह होतो: सोमाचा होम, शुक्राचा हुकुरु, साखरेची हकुरु. आणि प चा फ होतो: पाण्याला फेन, पाचाला फहे. आकडे विचारले. एके, दे, तिने, हतरे, फहे, हये, हते, अशे, नुवये, दिहये. मी डोळे मिटले. मला मोंढ्यातला मापारी ऐकू येत होता.

यात चमत्कार काही नाही, हे मला पुढे कळले. धिवेही ही सिंहलीची सख्खी बहीण आणि म्हणून मराठीची चुलत बहीण. विल्हेल्म गायगर या जर्मन पंडिताने शंभर वर्षांपूर्वीच हे सगळे नियम मांडून ठेवले आहेत. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावरही हीच भाषा बोलतात. तिथे तिला महल म्हणतात. पण मला तेव्हा गायगर ठाऊक नव्हता. मला एवढेच वाटले, की नोकरीसाठी जी भाषा घरी ठेवून मी समुद्रापार आलो, ती माझ्या आधीच येऊन इथे बसली आहे. पैठणला सातवाहनांच्या राज्यात प्राकृत बोलत होते, ते पैठण माझ्या घरापासून जवळ. नाना तिथे टाळ वाजवत जात. त्या प्राकृताचे भाऊबंद कुठकुठे पांगले, हे मला कोणी शिकवले नव्हते, कारण मी इंग्रजी घेतले होते.

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघे भटकायला निघत असू. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. फेब्रुवारीतला समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत असतो. अशाच एका शुक्रवारी आम्ही उतीमुला गेलो. बेट छोटे, पण देशात त्याचा मान मोठा. पोर्तुगीजांनी माले जिंकून पंधरा वर्षे राज्य केले. त्यांना हुसकावणारा मुहम्मद ठाकुरुफानु या बेटाचा. भाऊ आणि मोजके सोबती घेऊन, ‘कळुओह्फुम्मि’ नावाच्या गलबतातून तो रात्री एकेका बेटावर छापा घालून पहाटेपूर्वी पसार होई. अखेर 1573 साली त्याने माले सोडवली. त्याचे लाकडी घर तिथे जपून ठेवले आहे. ठेंगणी दारे, काळसर गुळगुळीत खांब, टांगलेला झोपाळा. आत जाताना वाकावेच लागते. मी अण्णांना म्हटले, “याला आमच्याकडे गनिमी कावा म्हणतात. आमचे शिवाजी महाराज जन्मले 1630 साली. म्हणजे हा त्यांच्या आधीचा.” अण्णा म्हणाले, “तुला इथे सगळे तुमच्याकडचेच दिसते!” खरे होते. परमुलखात माणूस आपलेच शोधत असतो.

वर्षाअखेरीस मालेला गेलो. तिथली हुकुरु मिस्कीय, म्हणजे शुक्रवारची मशीद, 1658 साली पुरी झाली. सगळी प्रवाळाच्या दगडाची. दगडावर लाकडावर करावी तशी बारीक नक्षी. मी भिंतीपाशी उभा राहून त्या पहिल्या शब्दाकडेच बघत होतो. मशिदीच्या नावात शुक्र!

चेट्टननी तिथे इब्न बतूताची गोष्ट काढली. मोरोक्कोचा हा मुशाफिर चौदाव्या शतकात दौलताबाद पाहून, पुढे 1343 च्या सुमारास मालदीवला पोचला. तेव्हा तिथे खदीजा नावाच्या राणीचे राज्य होते. शिकलेला माणूस म्हणून त्याला काझी केले. त्याने तिथे लग्ने केली, लोकांना शिस्त लावू गेला, कारभाऱ्यांशी भांडला आणि निघून गेला. दौलताबाद म्हणजे जालन्याच्या शेजारचे. “म्हणजे तुमच्या भागातून इथे नोकरीला आलेला तू पहिला नव्हेस,” चेट्टन म्हणाले. “फक्त लग्नाचे तेवढे राहिले,” अण्णांनी पुस्ती जोडली.

बेटावर एक म्हातारे नावाडी होते. सगळी पोरे त्यांना ‘काफा’ म्हणत, म्हणजे आजोबा. आम्हीही म्हणत असू. त्यांना लिहिता-वाचता बेताचे येई, पण आकाश तोंडपाठ. एकदा ते सहज म्हणाले, की आता ‘रोआनु’ संपेल, मग ‘मियाहेळि’. मी चमकलो. रोहिणी? मृगशीर्ष? पुढचे विचारले तर काफांनी बोटे मोडत यादीच म्हटली. अदा, फुनोस, फुस, अहुलिह, मा... आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा! सत्तावीसच्या सत्तावीस. नक्षत्राला ते ‘नकय’ म्हणतात. तेरा-चौदा दिवसांचे एकेक नकय, आणि प्रत्येकाचा वारा, पाऊस, मासा ठरलेला. आमच्याकडे मोंढ्यात मे महिना सरत आला की एकच बोलणे, मिरग कधी लागतो. पेरणी त्यावर, बाजार त्यावर, आणि मुनिमाची झोपही त्यावर. आम्ही ज्या नक्षत्राला पावसासाठी हात जोडतो, त्याच नक्षत्राला काफा नाव किनाऱ्यावर ओढून ठेवत. मियाहेळीचा समुद्र वाईट.

तो किती वाईट, ते मला 2007 च्या जूनमध्ये कळले.

ताईचा फोन आला. नानांना अर्धांगवायूचा झटका आला होता. दवाखान्यात होते. शुद्धीवर होते, पण पुढचे सांगता येत नाही असे डॉक्टर म्हणत होते. विमान मिळायचे ते हनिमाधू बेटावरून, आणि तिथवर जायचे ते नावेने. एरवी तीन तासांची वाट. पण दोन दिवस वारा असा सुटला होता, की बंदरात बांधलेल्या नावाच एकमेकींवर आदळत होत्या. मी काफांकडे गेलो. त्यांनी आकाशाकडे पाहिले आणि मान हलवली. मी म्हटले, “माझे वडील...” पुढे बोलता येईना. काफा म्हणाले ते असे: समुद्र तुझ्या वडिलांसाठी थांबणार नाही आणि बुडालेला मुलगा तुझ्या वडिलांना नको आहे. उद्या पहाटे वारा पडला तर मी स्वतः सोडतो.

ती रात्र आम्ही तिघांनी जागून काढली. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. चेट्टननी न विचारता पाकिटातले पैसे माझ्या बॅगेत घातले. मी किनाऱ्यावर जाऊन येई, परत येई. त्याच मिरगाची वाट नाना तिकडे पाहत असतील, आणि त्याच मिरगाने मला इकडे अडवले आहे, एवढेच डोक्यात फिरत होते. पहाटे वारा पडला; थांबला नाही, पडला. काफांनी धोनी काढली. मला एकट्याला जाऊ द्यायचे नाही म्हणून चेट्टन आणि अण्णा दोघेही चढले. अण्णांना पोहता येत नव्हते. ते नावेच्या तळाशी बसून, माझा हात घट्ट धरून, तमिळमध्ये काहीतरी पुटपुटत होते. लाट आली की नाव उभी राही आणि मग धाडकन खाली येई. कोणी कोणाशी बोलले नाही. तीनच्या जागी सहा तासांनी हनिमाधू दिसले, तेव्हा काफांनी प्रथमच मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांना ते रीतीचे नव्हते, ते लाजले. मी म्हटले, “शुकुरिय्या.” आमच्या जालन्याचा शुक्रियाच तो!

माले, तिरुवनंतपुरम, मग नेत्रावती एक्स्प्रेस, मुंबईहून देवगिरी. चौथ्या दिवशी घरी पोचलो. नाना होते. उजवा हात गेला होता, वाचा शाबूत होती. मला पाहून म्हणाले, “आलास? मिरग लागला इकडे.”

पुढे महिनाभर मी त्यांच्या उशाशी होतो. वेळ जावा म्हणून त्यांना बेटाच्या गोष्टी सांगू लागलो. वार सांगितले, नक्षत्रे सांगितली. त्यांना आवडले. पण एके दिवशी मी ताना लिपीबद्दल बोलत होतो. तिच्यातली पहिली नऊ अक्षरे मुळात अरबी आकडे आहेत, आणि पुढची नऊ तिथले जुने देशी आकडे. म्हणजे कोणी एका शहाण्याने आकडे घेतले आणि त्यांचीच अक्षरे केली. नाना एकदम उठून बसायला बघू लागले. “आकड्यांची अक्षरे?” त्यांनी मला ते चारचारदा विचारले. कागदावर काढून दाखवायला लावले. मग खूप वेळ गप्प राहिले.

संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतली वही काढायला सांगितली. मी दीड वर्ष जे पैसे पाठवले होते, त्यांतूनच ताईच्या लग्नाचे कर्ज फिटले होते. मला वाटले, त्या फेडीचा हिशेब दाखवायचा असेल. वहीत माझ्या नावाचे स्वतंत्र खाते होते. प्रत्येक रक्कम तारखेसह ‘चिरंजीवाचे जमा’. म्हणजे मुलाने दिलेले पैसे नानांनी घरात घेतले नव्हते. देणे म्हणून लिहिले होते. जुने कर्ज फेडून त्यांनी नवे माझे केले होते.

“एवढी बाकी निघते तुझी,” ते म्हणाले. “रोख काही माझ्याजवळ नाही. दोन वर्षे घरी जेव आणि काय ते तुझे मराठी शीक. तेवढे वळते करून घे.”

मी बेटावर परत गेलो नाही. औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातून मराठीत एम. ए. केले आणि तिथल्या पगाराहून थोड्या पगारावर आमच्याच भागात अधिव्याख्याता झालो. नाना मोंढ्यात परत जाऊन बसले. लिहीत दुसरा, तपासत ते. डाव्या हाताने आकडे काढायला शिकले. 2011 साली गेले.

मधल्या काळात जग बदलले. 2024 च्या आरंभी दोन्ही देशांत रुसवेफुगवे झाले, लोकांनी ‘तिकडे जाऊ नका’ म्हणून रान उठवले. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला मराठीला आणि प्राकृताला एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. गावात सत्कार-समारंभ झाले. मला त्या दिवशी धिवेहीच्या बाईंचे बोट आठवले. फळ्यावर उजवीकडून डावीकडे सरकणारे. दर वर्षी पहिल्या तासाला मी वर्गात तेच सात वार फळ्यावर लिहितो आणि मुलांना विचारतो, ही भाषा कोणती? अजून एकाही मुलाने मालदीव म्हटलेले नाही. अहिराणी, कोकणी म्हणतात. फार चुकत नाहीत.

माझे राहिलेले सामान त्या वर्षी चेट्टननी सुट्टीत तिरुवनंतपुरमपर्यंत आणून रेल्वेने पाठवले. त्यात कपड्यांच्या घडीत एक डबी होती. डबीत एक नवी कोरी सुपारी, आणि अण्णांच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘आईंना द्यावी. आधीचे कर्ज फेडले.’

लक्ष्मीपूजनाला आम्ही नवीन जालन्याच्या घरी नानांची ती वही पाटावर मांडतो. तिच्यावर ती सुपारी ठेवतो. आई आता थकली आहे, पण हळदकुंकू तीच वाहते. खात्यावरची बाकी मी कधी ओढली नाही.